आपोआप जुळणारी पेप्टाइडं आणि जंतू : सारखे विचारले जाणारे प्रश्न

पेप्टाइडवर काम करते असं सांगितलं की दोनच प्रतिक्रिया येतात, एक तर "म्हणजे ते चेहऱ्याला लावायचं क्रीम का" आणि दुसरी "म्हणजे आता अँटिबायोटिकची गरज संपली का". दोन्हींचं उत्तर नाही असंच आहे. पण खरं उत्तर एका वाक्यात मावत नाही, म्हणून एकदा सगळं लिहून काढलंय. क्रमाने वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा.

पेप्टाइड म्हणजे नक्की काय?

अमिनो ॲसिडची छोटी माळ. शरीर प्रोटीन बनवताना 20 प्रकारचे मणी वापरतं, माळ लांबलचक असली की तिला प्रोटीन म्हणतात, पाच-दहा-वीस-चाळीस मण्यांची असली की पेप्टाइड. हद्द कुठे संपते यावर कोणी भांडत बसत नाही. महत्त्वाचं एवढंच की प्रत्येक मण्याचा स्वभाव वेगळा, लायसीन आणि आर्जिनिनवर पॉझिटिव्ह चार्ज असतो, ग्लुटामिक ॲसिडवर निगेटिव्ह, आणि ल्युसीन, व्हॅलीन, फेनिलॲलनिन हे मणी पाण्यापासून तोंड फिरवतात. पुढचं सगळं नाटक या तीन स्वभावांवर चालतं.

जंतू मारणारी पेप्टाइडं ही नवीन आयडिया आहे का?

अजिबात नाही. 1939 मध्ये रेने द्युबो यांनी मातीतल्या बॅक्टेरियापासून जो पदार्थ काढला त्यातून ग्रॅमिसिडिन मिळालं, ते पेप्टाइडच. 1980 च्या सुमारास हान्स बोमन यांच्या गटाने सिक्रोपिया नावाच्या पतंगाच्या कोषातून सिक्रोपिन शोधलं. मग 1987 मध्ये मायकेल झॅसलॉफ यांना प्रश्न पडला की प्रयोगासाठी कापलेले बेडूक टाके घालून परत गढूळ पाण्यात सोडले तरी त्यांच्या जखमा चिघळत का नाहीत. उत्तर बेडकाच्या कातडीत निघालं, 23 अमिनो ॲसिडची पेप्टाइडं, आणि त्यांनी ढालीसाठीच्या हिब्रू शब्दावरून त्यांना मॅगेनिन नाव दिलं. आपल्या अंगातही ही फौज आहे, डिफेन्सिन असतात, एलएल-37 असतं, तुमच्या त्वचेवर आत्ता या क्षणी ती काम करतायत.

नवीन काय आहे तर अशी पेप्टाइडं स्वतः डिझाइन करायची, आणि ती नुसती सुटी न राहता एकमेकांत गुंफून तंतू, नळ्या, गोळे, जेल बनतील अशी करायची.

ती मारतात कशी?

बॅक्टेरियाच्या पटलाच्या, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाच्या, बाहेरच्या बाजूला निगेटिव्ह चार्ज भरपूर असतो, आपल्या पेशींची बाहेरची बाजू मात्र जवळपास न्यूट्रल असते आणि आत कोलेस्टेरॉल असल्यामुळे जरा दणकटही असते. त्यामुळे पॉझिटिव्ह पेप्टाइड बॅक्टेरियाकडे ओढलं जातं, चिकटतं, आणि मग त्याचा पाणी टाळणारा भाग पटलाच्या तेलकट थरात घुसतो. पुढे काय होतं याची मॉडेलं बरीच आहेत. कोणी म्हणतं पिंपाच्या फळ्यांसारखी पेप्टाइडं गोलात उभी राहून भोक पाडतात, कोणी म्हणतं भोकाच्या कडेला लिपिडही, म्हणजे पटलाचे तेलकट रेणूही, वाकून आत येतात, कोणी म्हणतं सतरंजीसारखी वर पसरतात आणि शेवटी पटलच फाटतं. माझं मत विचाराल तर एकाच पेप्टाइडचं वागणं डोस आणि लिपिड बदललं की बदलतं, त्यामुळे अमुक पेप्टाइड अमुक मॉडेलचं असा शिक्का मारून मोकळं होणं मला पटत नाही. शिवाय काही पेप्टाइडं पटल न फोडता आत जाऊन डीएनए किंवा रायबोसोमला (प्रोटीन बनवणाऱ्या यंत्राला) धरतात, ती वेगळी जमात.

सुटं पेप्टाइड मारतंय ना, मग ते जुळवायची उठाठेव कशाला?

कारण सुट्या पेप्टाइडची अवस्था फार वाईट असते. रक्तात किंवा जखमेत सोडलं की प्रोटीन कापणारे एंझाइम तुटून पडतात, त्यातही ट्रिप्सिनला तर लायसीन आणि आर्जिनिनच्या पुढेच कापायची सवय, म्हणजे ज्या चार्जवर आपली सगळी भिस्त तीच त्याची कापायची खूण. जे उरतं ते मूत्रपिंडातून भराभर बाहेर.

आता हीच पेप्टाइडं शंभर-हजारांनी एकत्र आली की एंझाइमला कापायला जागा नीट सापडत नाही, चार्ज एका जागी दाटतो त्यामुळे बॅक्टेरियाला बसणारा धक्का मोठा, आणि जेल असेल तर ते जखमेवर लावलं तिथेच राहतं, हळूहळू झिरपतं. हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात यातली प्रत्येक गोष्ट उलटीही पडू शकते, खाली येतंच आहे.

आपोआप जुळतं म्हणजे नक्की कोण जुळवतं?

कोणीच नाही, गंमत तीच आहे. पाणी टाळणारे भाग पाण्यापासून लपायला एकमेकांना चिकटतात, माळेच्या कण्यातले हायड्रोजन बंध (रेणूंना धरून ठेवणारी हलकी ओढ) शिडीच्या पायऱ्यांसारखे एकावर एक बसत जातात, आणि चार्ज एकमेकांना ढकलून "बास, आता याहून जवळ नको" असं सांगतो. ओढ आणि ढकल यांचा हिशोब जिथे जमतो तिथे आकार ठरतो. ओढ जास्त झाली तर सुबक तंतूऐवजी तळाला बसणारा पांढरा चोथा, ढकल जास्त झाली तर काहीच जुळत नाही, नुसतं स्वच्छ पाणी.

या क्षेत्रातली गाजलेली उदाहरणं सांगायची तर 1993 मध्ये शुगुआंग झांग यांनी यीस्टच्या एका प्रोटीनमधल्या तुकड्यावरून 16 अमिनो ॲसिडचं ईएके-16 काढलं, ते मीठ मिळालं की पाण्यात पापुद्रा धरतं. त्याच वर्षी रेझा घाद्रींच्या गटाने पेप्टाइडच्या गोल चकत्या एकावर एक रचून नळ्या बनवल्या. 2001 मध्ये सॅम्युएल स्टप यांच्या गटाने पेप्टाइडला चरबीची शेपटी लावून लांब तंतू तयार केले, आणि 2003 मध्ये एहुद गाझित यांच्या गटाने दाखवलं की फक्त दोन फेनिलॲलनिन जोडले तरी नळ्या बनतात. फक्त दोन! हा तुकडा त्यांनी अल्झायमरमध्ये मेंदूत तंतू होऊन साठणाऱ्या अमायलॉइड बीटातूनच उचललेला, आणि नंतर 2017 मध्ये हेच दोन मणी बॅक्टेरियाचं पटलही बिघडवतात असं दिसलं.

निसर्गात असं जुळून जंतूंशी लढणारं काही आहे का?

आहे, आणि माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं तेच. आपल्या लहान आतड्यात पॅनेथ पेशी नावाच्या पेशी असतात, त्या एचडी-6 नावाचं 32 अमिनो ॲसिडचं डिफेन्सिन सोडतात. प्रयोगशाळेत हे पेप्टाइड बॅक्टेरियावर टाकलं तर विशेष काही मरत नाही, त्यामुळे बराच काळ लोकांना कळेना की हे आहे कशासाठी. 2012 मध्ये उलगडलं की ते बॅक्टेरियाच्या पृष्ठभागावर चिकटून आपोआप जाळं विणतं आणि साल्मोनेलासारखे जंतू त्या जाळ्यात अडकतात. मारायचंच नाही, नुसतं अडवायचं.

आणि ते पेशीच्या आतच का जुळत नाही? कारण साठवताना पुढे एक जास्तीचा तुकडा जोडलेला असतो, बाहेर आल्यावर ट्रिप्सिन तो कापतं आणि मग विणकाम सुरू. म्हणजे जो एंझाइम आपल्या डिझाइनचा शत्रू त्यालाच इथे कळ दाबायला ठेवलंय. आम्ही वर्षानुवर्षं डोकं फोडतो त्या "कधी आणि कुठे जुळायचं" या प्रश्नाचं उत्तर आतड्यात तयार आहे.

बाय द वे, उलटंही आहे. स्टॅफिलोकोकस ऑरियस स्वतः 22 अमिनो ॲसिडचं पीएसएम अल्फा-3 बनवतो, तेही तंतूंत जुळतं आणि आपल्याच पेशी फोडतं. हत्यार दोन्ही बाजूंकडे आहे.

डिझाइन करायला बसलं की सुरुवात कुठून करता?

सगळ्यात सोपी सुरुवात म्हणजे एक आड एक. एक मणी पाणी टाळणारा, पुढचा चार्जवाला, परत टाळणारा, परत चार्जवाला. अशी माळ ताणली की एका बाजूला सगळे तेलकट, दुसऱ्या बाजूला सगळे चार्ज, आणि दोन माळांच्या तेलकट बाजू एकमेकींना चिकटून सपाट पट्टी तयार. जोएल श्नायडर आणि डॅरिन पोचन यांचं मॅक्स-1 याच धर्तीवर, 20 अमिनो ॲसिड, व्हॅलीन-लायसीन-व्हॅलीन-लायसीन करत जायचं, मध्ये दोन प्रोलीन टाकून माळ हेअरपिनसारखी दुमडायची आणि परत तसंच यायचं. साध्या पाण्यात लायसीन एकमेकांना ढकलतात म्हणून ते सुटं राहतं, पण शरीरात असतं तेवढं मीठ मिळालं की चार्ज झाकला जातो, माळ दुमडते, जुळते, जेल बनतं. आणि त्या जेलचा पृष्ठभागच बॅक्टेरियाला घातक निघाला, वरून वेगळं औषध घालावंच लागलं नाही.

दुसरा रस्ता म्हणजे चरबीची शेपटी लावायची, पामिटिक ॲसिडसारखी 16 कार्बनची. तीन-चार अमिनो ॲसिडच्या फुटकळ तुकड्यालाही शेपटी लावली की तो मारायला लागतो. पण इथेच नवशिके फसतात, शेपटी लांब केली की ताकद वाढते म्हणून आणखी लांब करतात आणि मग कळतं की लाल रक्तपेशीही तितक्याच आनंदाने फुटतायत.

तिसरा, आधीच माहीत असलेलं जंतुनाशक पेप्टाइड घ्यायचं आणि त्याला जुळणारा तुकडा शेपूट म्हणून जोडायचा. ऐकायला छान वाटतं. पण पुष्कळदा जुळणारा तुकडा इतका घट्ट जुळतो की मारणारा भाग आत गाडला जातो, आगीतून फुफाट्यात.

मी स्वतः काय करते तर आधी लायसीनची संख्या धरते आणि बाकीचं नंतर ठरवते. चार्ज कमी पडला तर निवड, म्हणजे बॅक्टेरिया मारायचे पण आपल्या पेशी सोडायच्या हे, बिघडते, आणि निवड बिघडली की बाकी काहीही केलं तरी ते पेप्टाइड उपयोगाचं राहत नाही.

मग जुळलेलं रूप मारतं की सुटं?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी मनातल्या मनात मार्क देते. पेप्टाइड एका ठराविक तीव्रतेच्या (द्रावणात ते किती दाट आहे त्याच्या, मायक्रोमोलर हे त्याचंच माप) वर गेलं तरच जुळतं. समजा तुमचं पेप्टाइड 100 मायक्रोमोलरला जुळायला लागतं आणि बॅक्टेरिया 8 मायक्रोमोलरलाच मरतायत, मग त्या 8 मध्ये तंतू होते कुठे? मारलं ते सुट्याने! तरी पेपरात शीर्षक असतं "नॅनोतंतूंची जंतुनाशक शक्ती" आणि वर मायक्रोस्कोपचा देखणा फोटो, जो काढलाय भलत्याच तीव्रतेला.

अर्थात एवढं सरळही नाही. पाण्यात जुळत नसलेलं पेप्टाइड बॅक्टेरियाच्या पृष्ठभागावर दाटीवाटीने चिकटलं की तिथे स्थानिक तीव्रता कितीतरी वाढते आणि ते तिथल्या तिथे जुळू शकतं. बाजारात असलेलं डॅप्टोमायसिन बघा, चरबीची शेपटी असलेलं 13 अमिनो ॲसिडचं अँटिबायोटिक, 2003 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, ते कॅल्शियमच्या मदतीने पटलात शिरतं आणि तिथे घोळका करतं. काही पेप्टाइडांत तंतू हे नुसतं कोठार असतं, त्यातून सुटे रेणू हळूहळू बाहेर पडतात आणि ते मारतात. काहींत खरंच तंतूचा पृष्ठभागच मारतो. प्रत्येक पेप्टाइडसाठी हे वेगळं तपासावं लागतं आणि जो तपासत नाही त्याने "नॅनो" हा शब्द वापरू नये असं माझं प्रामाणिक मत आहे.

आपल्या पेशींना धोका नाही का?

आहे. मधमाशीच्या विषातलं मेलिटिन हे 26 अमिनो ॲसिडचं पेप्टाइड बॅक्टेरिया मस्त मारतं आणि आपल्या पेशीही मस्त मारतं, त्यामुळे ते औषध नाही, विष आहे. म्हणून प्रत्येक डिझाइन लाल रक्तपेशींवर तपासतात, किती डोसला हिमोग्लोबिन बाहेर येतं ते बघतात, आणि तो डोस भागिले बॅक्टेरियाला थांबवणारा डोस असा आकडा काढतात. आकडा जितका मोठा तितकं बरं. पण यातही मेख आहे, रक्तपेशी तासभर ठेवतात आणि बॅक्टेरिया रात्रभर, म्हणजे तुलनाच वाकडी. रक्तपेशी ठणठणीत राहिल्या म्हणून बाकीच्या पेशी राहतील असंही नाही.

एंझाइमपासून वाचवायचे आणखी काही उपाय?

आरशातली अमिनो ॲसिडं वापरायची, म्हणजे डी प्रकारची. एंझाइमला ती ओळखता येत नाहीत. मारायचं काम पटलावर होत असेल तर बहुतेक वेळा फरक पडत नाही कारण पटलाला डावं-उजवं फारसं कळत नाही. घाद्रींच्या चकत्यांमध्ये डी आणि एल (नेहमीची) एक आड एक असतात, 2001 मध्ये त्यांनी सहा आणि आठ मण्यांच्या अशा चकत्या बॅक्टेरियावर आणि उंदरांमध्ये चालतात हे दाखवलं. टोकं बंद करणं, माळ गोल करणं हेही चालतं. खर्च वाढतो, दुसरं काय.

हे एआयने होत नाही का आता?

मदत होते, खूप होते. दहा मण्यांच्या माळेच्या शक्यता 20 चा दहावा घात, म्हणजे 10 लाख कोटींच्या वर, त्या कोणी हाताने तपासणार नाही. कुठली माळ जंतुनाशक असेल हे सांगणारी मॉडेलं बऱ्यापैकी चालतात कारण हजारो पेप्टाइडांची माहिती डेटाबेसमध्ये आहे. पण ती जुळेल का, कशात जुळेल, किती मिठात, किती वेळाने, याचा डेटा तुटपुंजा आणि विस्कळीत, एकाने पाण्यात मोजलंय दुसऱ्याने बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या क्षारांच्या द्रावणात), त्यामुळे तिथे मॉडेल अंदाजपंचे बोलतं. शिवाय न जुळलेल्या, फसलेल्या पेप्टाइडांबद्दल कोणी पेपर लिहीत नाही, मग मॉडेल शिकणार कशावरून.

टेस्ट करताना लोक कुठे फसतात?

कुठे नाही ते विचारा. साधी पद्धत अशी की प्लेटच्या खान्यांत पेप्टाइड दर वेळी निम्मं निम्मं पातळ करत जायचं, मिलीलिटरला सुमारे पाच लाख बॅक्टेरिया घालायचे, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी कुठल्या खान्यात गढूळपणा नाही ते बघायचं. आता पॉझिटिव्ह पेप्टाइड प्लेटच्या पॉलीस्टायरीन प्लास्टिकच्या भिंतीला चिकटतं, म्हणजे तुम्हाला वाटतं 4 मायक्रोमोलर घातलं, पाण्यात असतं त्याहून कितीतरी कमी, म्हणून पॉलीप्रोपिलीनची प्लेट घ्या. दुसरं, मीडियातल्या (बॅक्टेरिया वाढवायच्या द्रावणातल्या) मिठाने पेप्टाइड तिथेच जुळतं आणि जुळल्यामुळे आलेला गढूळपणा बॅक्टेरियाचा समजून तुम्ही चांगलं पेप्टाइड फेकून देता. तिसरं, विकत आणलेलं पेप्टाइड बहुधा ट्रायफ्लुरोॲसिटेट क्षाराच्या रूपात येतं, लायसीन भरपूर असले तर वजनाचा चौथा भाग किंवा जास्त नुसता त्याचाच असतो, तेवढं वजा न करता तीव्रता काढली की सगळे आकडे चुकले. वर तो क्षार पेशींवर स्वतःचा परिणाम दाखवतो ते वेगळंच.

माझा स्वतःचा किस्सा, एकदा सोमवारी द्रावण बनवलं, चाचणी केली, सुंदर निकाल. उरलेलं फ्रिजमध्ये ठेवलं, गुरुवारी तीच बाटली काढून परत केली तर काहीच मेलं नाही. दोन आठवडे मी बॅक्टेरियाला शिव्या घालत होते. शेवटी बाटली वाकडी केली तेव्हा लक्षात आलं की आतलं द्रावण सांडतच नाहीये, जेल झालंय. बाटलीचं वय हाही प्रयोगातला एक आकडा आहे हे तेव्हापासून वहीत लिहिते, द्रावण कधी बनवलं, किती वाजता वापरलं.

याला रेझिस्टन्स येणार नाही असं ऐकलंय?

चुकीचं ऐकलंय. अख्खं पटल बदलणं बॅक्टेरियाला जड जातं म्हणून रेझिस्टन्स हळू येतो, एवढंच खरं. स्टॅफिलोकोकस आपल्या लिपिडवर लायसीन चिकटवून पृष्ठभागाचा निगेटिव्ह चार्ज कमी करतो. कोलिस्टिन हेही पेप्टाइड अँटिबायोटिकच, आणि त्याच्याविरुद्धचं एमसीआर-1 जीन 2015 च्या शेवटी चीनमधून जाहीर झालं, ते प्लाझ्मिडवर (डीएनएच्या सुट्या छोट्या कड्यावर) बसून एका बॅक्टेरियातून दुसऱ्यात उडी मारतं. दुसरी काळजी अशी की आपण डिझाइन केलेल्या पेप्टाइडला सरावलेला जंतू आपल्या अंगातल्या एलएल-37 लाही दाद देईनासा झाला तर? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही.

इतकं सगळं आहे तर औषध म्हणून का दिसत नाही?

थोडं दिसतं. डॅप्टोमायसिन, कोलिस्टिन आहेत, खाण्याच्या पदार्थांत टिकवायला निसिन वापरतात. जुळणारी पेप्टाइडंही वापरात आहेत पण वेगळ्या कामाला, आरएडीए-16 रक्तस्राव थांबवायला, आणि लॅनरिओटाइड हे हार्मोनचं औषध टोचल्यावर जेलसारखं राहून हळूहळू सुटतं. जंतू मारायला मुद्दाम डिझाइन केलेलं जुळणारं पेप्टाइड म्हटलं की गाडं अडतं.

पेक्सिगॅननची गोष्ट सगळ्यांना माहीत हवी. मॅगेनिनवरूनच बनवलेलं, 22 अमिनो ॲसिडचं, मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठीचं मलम. 1999 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणाऱ्या संस्थेने) मंजुरी नाकारली कारण आधीच्या औषधापेक्षा ते सरस ठरत नव्हतं, आणि 2016 मध्ये परत केलेल्या मोठ्या चाचण्यांमध्येही ते पडलं. खऱ्या जखमेत पू असतो, मीठ असतं, एंझाइम असतात, डीएनएचे लगदे असतात जे पॉझिटिव्ह पेप्टाइडला गिळून टाकतात. प्लेटमधला बॅक्टेरिया आणि जखमेतला बॅक्टेरिया यांची ओळखसुद्धा नाही एकमेकांशी.

मग खर्च. 1963 मध्ये मेरीफिल्ड यांनी प्लास्टिकच्या बारीक दाण्यावर एकेक मणी जोडायची पद्धत काढली, 1984 चं नोबेल त्यालाच, आजही तेच करतो. प्रत्येक जोडणी 99 टक्के झाली तरी 20 जोडण्यांनंतर बरोबर माळ 82 टक्केच उरते, 98 टक्के झाली तर 67. आणि जुळणारी पेप्टाइडं दाण्यावर असतानाच एकमेकांत गुंतायला लागतात, जोडणी आणखी बिघडते, शुद्ध करताना कॉलममध्ये (गाळायच्या नळीत) अडकतात. ज्या गुणासाठी ती बनवतोय तोच बनवताना आडवा येतो.

गोळी येईल का कधी?

पोटात प्रोटीन पचवणारे एंझाइम असताना अवघड आहे. पहिली आशा जखमेवरचं जेल, कॅथेटर आणि इम्प्लांटवरचा थर, डोळ्याचे थेंब.

अमायलॉइडसारखे तंतू शरीरात सोडणं म्हणजे अल्झायमरला आमंत्रण नाही का?

रास्त शंका. रचना खरंच सारखी असते, दोन्हींत तीच शिडीसारखी पट्टी. उलट अमायलॉइड बीटा स्वतःच जंतूंशी लढतं का यावर 2010 पासून वाद चालू आहे. पण सारखी रचना म्हणजे सारखा रोग नव्हे, माळेतला क्रम वेगळा असला की वागणूक बदलते. तरीही आमचे तंतू दुसऱ्या प्रोटीनला गुंफायला लावत नाहीत ना हे तपासणं अनिवार्य असायला हवं, आणि बहुतेक पेपरांत ते नसतं.

व्हायरस आणि बुरशीवर चालतं?

चरबीचं आवरण असलेल्या व्हायरसवर काही चालतात, बुरशीवरही. पण बुरशीची पेशी आपल्या पेशीच्या जवळची, त्यामुळे निवड जास्त कठीण.

ऑनलाइन मिळणारी पेप्टाइड पावडर आणून जखमेवर लावू का?

नको. "फक्त संशोधनासाठी" लिहिलेली पावडर निर्जंतुक असेलच असं नाही, तिच्यात वर सांगितलेला क्षार असतो, अर्धवट माळा असतात, आणि ती कशात किती मिसळायची यावर ती जुळणार की नाही, मारणार की नाही हे ठरतं. चिघळलेली जखम डॉक्टरला दाखवा.

पावडर प्रयोगासाठीच आणलीय, ठेवायची कशी?

उणे 20 ला, कोरडी, डबीत सिलिका जेलची पुडी टाकून. काढल्यावर झाकण लगेच उघडू नका, डबी खोलीच्या तापमानाला येऊ द्या नाहीतर हवेतलं पाणी आत जमतं आणि वजन चुकतं. पहिल्यांदा मीठ नसलेल्या शुद्ध पाण्यात विरघळवा, बफर सगळ्यात शेवटी. आणि डबीवर तारखेबरोबर वेळही लिहा.